भिंतीवरचा खार

शाळेच्या भिंतीचं कौतुक सांगायला बसला की गवंडी थांबायचा नाही. बाहेरून गिलावा नसलेली, लाल विटांची, रस्त्यावरून उठून दिसणारी ती भिंत त्यानंच बांधली होती. तिच्यातली खोट मात्र त्याच्या बायकोला ठाऊक होती. काम उरकायच्या घाईत या महाशयांनी खाऱ्या विहिरीच्या पाण्यात सिमेंटचा माल कालवला होता! ते मीठ दर हिवाळ्यात बाहेर यायचं आणि विटांवर खाराचा पांढरा थर धरायचा.

बायको शाळेत झाडलोटीला होती. मुलं यायच्या आत ती कोरड्या ब्रशनं खार खरवडायची, पूड सुपलीत भरून लांब टाकायची. खिडकीच्या गजांखालचे गंजाचे ओघळ लिंबानं चोळून काढायची. खाराला मात्र पाण्याचा थेंब लागू द्यायची नाही. पाण्यात तो विरघळून विटेत शिरतो आणि भिंत वाळली की पुन्हा वर येतो, हे तिला हात सोलवटून कळलं होतं. लोक म्हणायचे, काय भिंत बांधलीय! गवंडी मिशीत हसायचा. तिनं कधी ब्र काढला नाही. नवऱ्याची अब्रू ती आपली, म्हणे!

यंदा शाळेनं भिंतीवर त्याच्या नावाची पाटी लावायचं ठरवलं. समारंभाच्या आठवडाभर आधी तो मुख्याध्यापकांना घेऊन ऐटीत पाहणीला आला. बायको ब्रश मारत होती.

"अगं, खाजवत काय बसलीस? पाणी मार पाणी! भिंतीतलं तुला काय कळतं?"

मुख्याध्यापक हसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मारते," ती म्हणाली आणि नळाला पाईप लावून तिनं सगळी भिंत न्हाऊ घातली.

समारंभाच्या दिवशी भिंत पिठात लोळल्यासारखी पांढरीफटक होती. लोक कुजबुजायला लागले.

"हिनं काहीतरी औषध मारलं असणार," गवंड्यानं बायकोकडे बोट दाखवलं.

पाणी मारायचा हुकूम मुख्याध्यापकांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. तरी ते म्हणाले, "बाई, यापुढे भिंतीला हात लावू नका."

घरी आल्यावर गवंड्याचा आवाज खाली आला. "साहेबांपुढे बोललो म्हणून खरंच पाणी मारायचं होय? उद्या मुलं यायच्या आत जा आणि घासून टाक. कोरड्या ब्रशनं, नेहमीसारखी."

म्हणजे ठाऊक होतं मेल्याला! इतकी वर्षं सगळं ठाऊक होतं!

मग पिशवीतला ब्रश काढून तिनं त्याच्या मांडीवर ठेवला.

"पाटीवर नाव तुमचं आहे ना? मग घासा तुम्हीच. आणि मुलं आल्यावर घासा."