राणाचा खुराक

हसायचं नाही, असं आधी वचन घेणार होतो. पण अख्ख्या गल्लीने हसून घेतलंच आहे, मग तुम्हीच का मागे राहायचं? चहा घ्या, गार होतोय. आणि ऐका, सरकारी कचेरीत जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जातल्या चुका काढणारा माणूस कुत्र्याच्या एका पिल्लाच्या जेवणापायी कसा तोंडावर आपटला ते.

पिल्लू पूर्वाचं. पूर्वा आमची मुलगी, पुण्याला असते. कंपनीने तिला ट्रेनिंगसाठी परदेशी धाडलं आणि तिने पिल्लू आमच्याकडे कोल्हापूरला आणून सोडलं. लॅब्रॅडोर. नाव राणा. रंग आटवलेल्या दुधाचा, आणि पाय असे, की जणू स्वतःचे नसून थोरल्या भावाचे उसने आणलेत!

निघताना ती म्हणाली, "बाबा, हा मोठा होणारा कुत्रा आहे. आत्ता खाण्यात चूक झाली तर पाय जन्माचे बिघडतात. या पिशवीतलंच द्या, या मापानेच द्या. प्रयोग करू नका."

प्रयोग करू नका! वाचायची खोड असलेल्या निवृत्त माणसाला हे सांगणं म्हणजे मांजराला सायीची राखण देणं.

पहिल्याच दुपारी मी भिंग घेऊन पिशवीवरचं बारीक अक्षर वाचायला बसलो. प्रथिनं इतकी, स्निग्ध पदार्थ इतके, राख इतकी. राख? खाण्याच्या पिशवीवर राख कशाला? आमच्या वेळी राख भांडी घासायला होती. आता एवढं कुतूहल जागं झाल्यावर चव न बघता राहवतंय होय? असे डोळे मोठे करू नका. दुसऱ्याला वाढायचं ते आधी आपण चाखावं, असं आमच्या आईचं म्हणणं. तर ऐका : बेकरीतली खारी सुकटीच्या डब्यात महिनाभर विसरून ठेवली तर जशी लागेल, तशी चव. मीठ नाहीच.

"काय खाताय हो?" स्वयंपाकघरातून हिचा आवाज.

"अभ्यास करतोय."

"अभ्यासाचा कुरुमकुरुम आवाज येतोय."

अभ्यास पुढे सरकला. वाचनालयातून एक पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं की ही जात शिकाऱ्याबरोबर दिवसभर रानात हिंडणारी, पाण्यात पडलेला पक्षी पोहत जाऊन उचलून आणणारी. काटक, कष्टाळू, खेळाडू जात. मी पुस्तक मिटलं आणि राणाच्या ताटलीकडे बघितलं. असल्या गड्याला मूठभर खारी?

आता कोल्हापुरात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात पुढचा विचार कोणता येणार, तुम्हीच सांगा. जो अंग कमावणार त्याला खुराक! दूध, तूप, बदामाची थंडाई. हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही.

खुराकाच्या बाबतीत शेवटचा निकाल दगडू वस्तादांचा. गल्लीच्या तोंडाला तालीम आहे, तिचे ते वस्ताद. संध्याकाळी गंगावेशीत म्हशी उभ्या करून समोर धार काढून देतात, त्या दूधकट्ट्यावर आमची दोघांची रोजची गाठ.

पण अडचण होती. याच कट्ट्यावर मी वर्षानुवर्षं कुत्री पाळणाऱ्यांची टर उडवत आलेलो. "माणसाला डाळ मिळेना आणि ह्यांच्या कुत्र्याला बिस्किटं!" हे माझं गाजलेलं वाक्य. लोक फर्माईश करून ते ऐकायचे. त्याच तोंडाने 'कुत्र्याला काय घालू' असं कसं विचारणार? म्हणून मी 'कुत्रा' हा एवढा एकच शब्द गाळला. बाकी एक अक्षर खोटं बोललो नाही. कचेरीत आम्ही याला वस्तुस्थिती सादर करणं म्हणायचो.

"वस्ताद, पूर्वाने एकाला आमच्याकडे ठेवलंय. अंगाने चांगला व्हावा असं वाटतं. खायला काय घालू?"

वस्तादांच्या मिशा हलल्या. "आन् हे आत्ता सांगताय व्हय भाऊसाहेब! केवढा हाय?"

"लहानच. दुधाचे दात पडायला लागलेत."

"म्हंजे येळंवर आलासा. हाडापेरानं कसा?"

"मान जाड, छाती रुंद. पंजे तर हे एवढे!"

"आगं आयायी! पंजा मोठा म्हंजे पकड हाय. आन् सभाव?"

"समोर येईल ते तोंडात. काल माझी चप्पल फाडली. परवा हिच्या पदराला लोंबकळला."

"रग हाय, रग! खातोय कसा?"

"ताटली चाटतो, पालथी घालतो आणि वर माझ्याकडे बघत बसतो."

वस्तादांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. "आताची पोरं मोबाईल दावल्याबिगर घास गिळत न्हाईत. आन् तुमचा हिरा ताटली चाटतोय! नाव काय म्हनला?"

"राणा."

"नाद खुळा!"

त्यांनी तिथल्या तिथं खुराक ठरवून दिला. सकाळी खसखस घालून बदामाची थंडाई, दुपारी उकडलेली अंडी, संध्याकाळी कट्ट्यावरचं दूध आणि वर तुपाची धार. रविवारी पांढरा रस्सा. मग एक बोट वर करून म्हणाले, "पर मेहनत करतोय न्हवं? मेहनतीबिगर खुराक म्हंजे बैलाबिगर गाडी."

"सगळं घर डोक्यावर घेतो."

हेही खरंच होतं. त्या दिवसापर्यंत.

घरी विरोध झाला. "पूर्वाने काय सांगितलं होतं?"

"पूर्वा कॉम्प्युटरची इंजिनियर आहे. खुराकाची नव्हे."

थंडाईचं एक असतं. एकट्या पिल्लापुरती वाटता येत नाही. तेवढी पाट्यालाच लागून संपते. म्हणून जास्तीची वाटायची. जास्तीची झाली की टाकवत नाही. म्हणून निम्मी राणाला, निम्मी मला. अंड्यांचं तसंच, रश्शाचं तर बोलूच नका. थोडक्यात, आमची दोघांची पंगत बसायला लागली.

राणा बदलला. आधी तुकतुकीत झाला, मग गुटगुटीत झाला, मग नुसताच गोल झाला. खसखशीने आम्हा दोघांना दुपारची अशी झोप लागायची, की पोस्टमन बेल वाजवून वाजवून शेजारी पत्र टाकून जायचा. चप्पल नाकासमोर ठेवली तरी राणा एक डोळा उघडून 'उद्या या' अशा नजरेने बघायचा. ती नजर मी ओळखतो. उभी नोकरी मी त्याच नजरेवर काढलीय.

इकडे कट्ट्यावर रोज चौकशी.

"काय म्हणतोय पठ्ठ्या?"

"अंग धरतोय."

"बदाम पचतोय न्हवं?"

"पचतोय. आणि आता घरात कुठंही करत नाही."

वस्ताद जरा थबकले. "आधी करायचा?"

"लहान आहे हो."

गवळ्याच्या कानावर गेलं. त्याने माझ्या किटलीत दुधाची जादा धार सोडली आणि म्हणाला, "नातवाला माझ्याकडनं." बघा, त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं की नाही? मी किटलीचं झाकण लावलं.

मग एका शनिवारी सकाळी राणा उठलाच नाही. हाक मारली तर शेपटी हलवली, पुढचे पाय टेकले, आणि ते बाहेरच्या बाजूला फाकले. दोन पावलं लंगडत आला आणि माझ्या पायावर हनुवटी टेकून बसला. वाटी समोर होती, तिकडे बघितलंसुद्धा नाही. हे सगळं मी तुम्हाला हसत सांगतोय, पण तेव्हा हसू कुठलं! 'पाय जन्माचे बिघडतात.' पूर्वाचा आवाज कानात घुमायला लागला. ही काही बोलली नाही. नुसता टॉवेल आणून दिला. बोलली असती तर परवडलं असतं.

टॉवेलात गुंडाळून त्याला रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण मुलगी. तिने राणाला वजनकाट्यावर ठेवलं, पाय हळूहळू वाकवून बघितले.

"काका, खायला काय देता?"

मी सगळा खुराक सांगितला. मध्येच तिचा हात थांबला.

"खसखस?"

"थोडीशी."

"आणि तूप?"

"धार. बारीक."

"काका, हे पिल्लू कुस्तीला उतरवायचंय का?"

मी म्हणालो, "खेळाडू जात आहे ना!"

"जात खेळाडू आहे, पण हाडं अजून कोवळी आहेत. मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढू द्यायचं असतं. तुम्ही पायांवर पायांना न पेलणारं ओझं चढवलंत. खसखस, बदाम, रस्सा, सगळं आजपासून बंद. मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाणं येतं, तेच मोजून द्या."

म्हणजे पूर्वाची पिशवी!

"मग उद्यापासून पळवतो त्याला."

"अजिबात नाही! सावकाश चालवा फक्त. वेळेत आणलंत, पाय सरळ होतील." मग तिने माझा हात धरून राणाच्या कुशीवर ठेवला. "ही खूण लक्षात ठेवा. बरगड्या डोळ्याला दिसायला नकोत, पण बोटाला लागल्या पाहिजेत. लागतात?"

बोटाला लागली ती गादी. कापसाची, नवीन पिंजलेली.

पाय सरळ होतील, एवढं एकच वाक्य उराशी धरून घरी आलो. रिक्षा दारात वळली आणि बघतो तर दारात गर्दी! हलगी वाजतेय. मधोमध दगडू वस्ताद, डोक्याला फेटा, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात इवलासा लाल लंगोट. मागे तालमीतले पैलवान. शनिवार मारुतीचा वार, म्हणून नव्या पठ्ठ्याला वाजतगाजत तालमीत न्यायला आलेले! ही उंबऱ्यात उभी. तिचा चेहरा मी आजवर फक्त पाहुण्यांसमोर दूध नासलं तेव्हाच बघितला होता.

"आलं आलं, भाऊसाहेब आलं!" वस्ताद गरजले. "कुठाय आमचा वाघ?"

मी टॉवेल बाजूला केला. "हा."

हलगी थांबली. राणाने मान वर केली, समोर लाल काहीतरी लोंबतंय बघून लंगोट तोंडात धरला आणि सोडेना.

वस्तादांच्या तोंडावर एकेक हिशोब लागत गेला. "दुधाचं दात... पंजा... पदराला लोंबकळला... घरात कुठंबी..." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यो नातू?"

"मी नातू म्हणालोच नव्हतो, वस्ताद."

"मग कुत्रं म्हणाला हुतासा?"

मागून गवळ्याचा आवाज आला, "माणसाला डाळ मिळंना..."

आणि अख्ख्या गल्लीने एका सुरात वाक्य पुरं केलं, "आन् ह्यांच्या कुत्र्याला बिस्किटं!"

हसले नाहीत ते फक्त वस्ताद. ते खाली उकिडवे बसले आणि त्यांनी आपल्या राकट हातांनी राणाचे पाय हलकेच चाचपले. "काय म्हणाल्या डाक्टरीणबाई?"

मी सांगितलं. बरगड्यांची खूणही सांगितली. त्यांनी राणाच्या कुशीत दोन बोटं घालून बघितली आणि मान हलवली.

"म्हंजे ह्याला पळवायचा न्हाई. मग येवढ्या खुराकाची मेहनत करायची कुनी?"

तेव्हा ही पहिल्यांदा बोलली. "वस्ताद, निम्मा खुराक ह्यांच्याच पोटात गेलाय."

वस्ताद सावकाश उठले. त्यांची नजर माझ्या चपलांपासून निघाली ती पोटावर येऊन मुक्कामाला थांबली. मग त्यांनी तीच दोन बोटं माझ्या सदऱ्यावर, बरगड्या असाव्यात त्या जागी दाबली. जरा सरकवून दाबली. परत दाबली.

"लागंना की वो काईच!"

नारळ माझ्या नावाने फुटला. राणाच्या तोंडातून लंगोट सोडवून घेत वस्ताद म्हणाले, "ह्यो ल्हान हाय. उद्या येताना मोठा आणतो."

राणाचे पाय सरळ झाले. पूर्वा परत आली, तिने आधी त्याच्या बरगड्या चाचपल्या, मग माझ्या गळ्यात पडली. "बाबा, किती नीट सांभाळलंत! प्रयोग केले नाहीत ना?" मी हिच्याकडे बघितलं. ही खिडकीबाहेर बघत होती.

राणा पुण्याला गेला, पण त्याचं खाण्याचं माप इथंच विसरलं. हिने ते घासून लख्ख केलं. पहाटे मी तालमीतून हाशहुश करत येतो आणि माझे पोहे त्या मापाने मोजून ताटलीत पडतात. एकच माप, सपाट.

काल मी ताटली चाटली, पालथी घातली आणि वर हिच्याकडे बघत बसलो. शेपटी तेवढी नव्हती.