ओतिलिया नीफायपर्यंत गेली

ओतिलिया बारागानला एका जागी बसवतच नसे. अमेरिकेतल्या युटा राज्यात, सांताक्विनच्या फळबागांत तिच्याइतक्या झपाट्याने शिडी हलवणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि घरी आल्यावरही तिच्या हातांना चैन पडायचं नाही. नवरा एवारिस्तो जेवायला बसला की ही त्याच्याभोवती केर काढत फिरायची.

"अगं, माझे पायही झाडून नेशील एखाद दिवशी," तो म्हणायचा. तो मुळात निवांत माणूस. युटात आल्यापासून त्याच मालकाकडे, त्याच ट्रॅक्टरवर. दोघं तरुणपणी मेक्सिकोतून वाळवंट तुडवून, बिनकागदाची आली होती. ओतिलियाची आई तिकडे मेक्सिकोत, ग्वानाह्वातोत राहिली, ती नंतर फक्त फोनवर भेटायची.

एका वसंतात युटा राज्याने स्वतःच कायदा केला. इथे राबणाऱ्या बिनकागदाच्या माणसांना राज्य कामाचा परवाना देणार, दोन वर्षांनी. ट्रॅक्टरवरच्या रेडिओत हे ऐकून एवारिस्तो धावतच घरी आला. चर्चच्या दालनात बैठक झाली. एका वकीलबाईंनी समजावून सांगितलं: दंड भरायचा, पोलिसात नाव नको, इंग्रजी शिकायचं.

ओतिलियाने हात वर केला. "या परवान्यावर आईला भेटून परत येता येईल का हो?"

"नाही. सीमा वॉशिंग्टनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या हातात. राज्य फक्त इथे काम करू देणार, आणि तेही वॉशिंग्टनने मान डोलावली तर."

परतताना एवारिस्तो म्हणाला, "काम तर करू देतील. पोलिसाची गाडी दिसली की आडरस्त्याला वळावं लागतं, ते तरी टळेल."

"आणि मी काय, युटाच्या खुंट्याला बांधून घेऊ?"

असं म्हणाली खरी, पण इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागली. हिवाळ्यात फांद्या छाटताना ती तोंडातल्या तोंडात शब्द घोकायची आणि चुकला शब्द की कात्री जोरात चालवायची.

वॉशिंग्टनने मान डोलावली नाही. मुदत आली तेव्हा राज्याने कायदा आणखी पुढे ढकलला. एवारिस्तोने ट्रॅक्टरवरचा रेडिओ काढूनच टाकला.

बागेचा मालक लामार ख्रिस्टेन्सन तरुणपणी धर्मप्रचाराला चिलीत राहून आलेला, त्यामुळे स्पॅनिश बोलायचा, जरा पुस्तकी. त्या उन्हाळ्यात माणसं कमी पडली आणि त्याच्या चेऱ्या झाडावरच सुकून काळ्या झाल्या. पुढच्या वर्षी त्याने हंगामी व्हिसावर मेक्सिकोतून माणसं मागवली. बसने यायची, बागेतल्या खोल्यांत राहायची, शरद सरता सरता परत जायची.

"लामारसाहेब, हा व्हिसा आम्हाला का नाही?" ओतिलियाने विचारलं.

"तिकडून येणाऱ्यांसाठी आहे तो. इथे असलेल्यांना मिळत नाही."

"म्हणजे आम्ही आधी आलो, तेच चुकलं."

लामार टोपीची कड चोळत राहिला. मग म्हणाला, "त्यांना जरा शिकवशील का? देठासकट तोडायचं कसं ते?"

तिने शिकवलं. आणि हंगाम भरात असतानाच लामार पुन्हा दारात आला. सरकारी तपासणी होणार होती, बिनकागदाची माणसं तोडणीवर दिसून चालणार नव्हतं. एवारिस्तोला तो आत शेडमध्ये कसंबसं सांभाळणार होता. ओतिलियाला नाही.

दोन दिवस ती घरातली भांडीच घासत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने मोठं पातेलं काढलं आणि त्याच पाहुण्या कामगारांना डबे पोचवायला लागली. त्यांच्यातला हेनारो तिच्या शेजारच्या गावचा निघाला, चाळिशीचा, चार लेकरांचा बाप.

"तुमच्या आईच्या घरावरूनच जातो की मी. अंगणात बसलेल्या असतात. फाटकाला निळा रंग दिलाय आता."

"निळा? कुणी दिला?"

"ते नाही बुवा विचारलं."

त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. निळा रंग कुणी दिला असेल, हेच डोक्यात फिरत राहिलं.

ऑक्टोबरात बस निघाली, तेव्हा वाटेसाठी मक्याच्या पानांत वाफवलेले तमाले वाटायला ती आत चढली. एक जागा रिकामी होती. तिथला माणूस परत जायचं नाही म्हणून मागच्याच आठवड्यात सॉल्ट लेक शहराकडे पळाला होता. ओतिलिया त्या जागेवर बसली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

"ओतिलियाबाई, उतरा, निघाली गाडी," हेनारो म्हणाला.

"निघू दे."

बस दक्षिणेच्या हमरस्त्याला लागली. डोंगर मागे सरकू लागले. हेनारो हळूच म्हणाला, "परत येता येणार नाही. माहीत आहे ना?"

"मला सांगतोस? तू कालचा आलेला."

वाटेतल्या नीफाय गावात डिझेलसाठी बस थांबली. ओतिलिया उतरली, नळावर तोंड धुतलं. बसचं दार उघडं होतं, हेनारोने तिच्या जागेवर आपली टोपी ठेवलेली. ती पायरीपर्यंत गेली. एक पाय वर ठेवला आणि परत खाली घेतला.

"आईला सांग," ती खालूनच म्हणाली, "मी नीफायपर्यंत आले होते."

"त्यांना काय ठाऊक नीफाय कुठे ते?"

"तू सांग तर."

बस गेली. तिने एवारिस्तोला फोन केला. तो आला, तिचा कोट घेऊन. हमरस्त्याला लागल्यावर त्याने विचारलं, "कुठवर जायचा बेत होता?"

"बस थांबली नसती, तर कळलं असतं."

त्याने गाडीतला हीटर तिच्या पायांकडे वळवला.

घरी आल्यावर तिने पातेलं घासलं, ओटा पुसला. अजून उजेड होता. गावाबाहेरच्या गोठ्यावर धारा काढायला बारमाही माणूस हवं आहे, हंगामी व्हिसावाले तिथे चालत नाहीत, असं कुणीतरी म्हणालं होतं. कोट तसाच अंगावर घेऊन ती विचारायला चालू लागली, आणि एवारिस्तो अर्धवट घातलेले बूट ओढत तिच्या मागोमाग निघाला.