पोत्यावरची वीस मिनिटं

टाइल चिकटवायच्या मसाल्याच्या पोत्यावर जेवढा मजकूर असतो, तेवढा लग्नपत्रिकेवरही नसतो. ताण किती सोसेल, उभ्या भिंतीवर टाइल किती घसरेल, पाण्यात किती टिकेल. आमचे मिस्त्री त्याला नुसतं ‘केमिकल’ म्हणतात आणि पोतं वाचायच्या भानगडीत पडत नाहीत. मी वाचतो. अमरावतीत माझं टाइलचं दुकान आहे. त्याआधी अकोल्यात दुसऱ्याच्या दुकानात हीच खोकी डोक्यावरून वाहिली आणि त्यांच्यावरचं वाचत वाचतच धंदा शिकलो. म्हणून तर फसलो.

त्या पोत्यावर ‘ओपन टाइम वीस मिनिटं’ असं होतं. म्हणजे मसाला भिंतीवर पसरल्यानंतर वीस मिनिटांच्या आत टाइल दाबा, ती धरणारच. पुण्याहून आलेल्या कंपनीच्या साहेबाने आम्हा दुकानदारांना हॉटेलच्या हॉलमध्ये ते करूनही दाखवलं होतं. मसाला पसरला, भाषण केलं, भाषण संपल्यावर टाइल दाबली. जरा वेळाने आमच्यातल्या दोघांना ती ओढायला लावली. हलली नाही. हॉल थंडगार होता, भजी गरम होती. मी भाव पाडून माल उचलला आणि पाडलेल्या भावाच्या खुशीत घरी आलो.

त्याच उन्हाळ्यात अकोल्यात माझ्या धाकट्या बहिणीचं घर पुरं होत होतं. वास्तूचा आहेर म्हणून दर्शनी भिंतीच्या टाइल माझ्याकडून, असं मी जाहीर केलं. तिचे यजमान, आमचे जवाईबापू, बँकेत आहेत. आहेराकडेही ते तारण म्हणूनच बघतात.

“भाऊ, भिंत पश्चिमेची हाय. एवढी मोठी टाइल थांबन का?”

“पडली तं माझ्या दुकानाचा बोर्ड उतरवा,” मी म्हणालो. त्यांचे वडील समोरच बसले होते. वाक्य त्यांच्यासाठीच होतं.

भर मे महिन्यात मी स्वतः उभा राहून काम करून घेतलं. मिस्त्री एकेका टाइलपुरता मसाला लावत होता. मी खेकसलो, “एक एक काय लावून राहिला? वीस मिनिटं हायेत. अर्धी भिंत लाव!” त्याने लावली.

वास्तुपूजेच्या दिवशी आरती चालू असताना बाहेर धाडकन आवाज झाला. सगळ्यात वरची टाइल पाहुण्यांच्या चपलांच्या ढिगावर पडली होती. माणसं आत होती म्हणून वाचली. मी तुकडा उचलून उलटा केला. पाठ धुतलेल्या ताटासारखी स्वच्छ. मसाला भिंतीवरच होता, दातेरी करणीच्या रेघा न दबलेल्या, जशाच्या तशा. दुधावर धरते तशी साय मसाल्यावर धरली होती आणि आम्ही सायीवर टाइल टेकवली होती.

जवाईबापूंचे वडील म्हणाले, “आमच्या गोठ्यातली फरशी नुसत्या सिमेंटावर हाय. म्हैस रोज नाचते तिच्यावर.”

जवाईबापू अगदी आदराने म्हणाले, “भाऊ, शिडी देऊ का? बोर्ड उतरवाले लागन.”

बहिणीने मला वाढलं, पण मान वर केली नाही. माझं दुकान मी सांभाळीन. तिला मात्र त्या घरात जन्मभर ‘तुझ्या भावाची भिंत’ ऐकावी लागणार होती.

दुसऱ्या दिवशी साहेबाला दुकानात बोलावून घेतलं.

“सर, नवीन पोती पाठवतो.”

“नको.”

“टाइलचंही बघू.”

“नको. अकोल्याले चाला आन् माझ्या जवायासमोर म्हना, चूक आमची आहे.”

“‘साइटची परिस्थिती आव्हानात्मक होती’ असं म्हणतो, सर.”

“आव्हानात्मक गेलं चुलीत!”

“‘उणीव’ चालेल?”

आयुष्यात मी नळापासून प्लॉटपर्यंत सगळ्याचा भाव केला. शब्दाचा भाव पहिल्यांदाच करत होतो. ‘त्रुटी’पर्यंत आणलं आणि त्याला गाडीत घातलं.

अकोल्यात पोचलो तेव्हा उन्हाचा तडाखा होता. मी म्हणालो, “करा प्रयोग. भाषणासकट.” त्याने भिंतीवर मसाला पसरला आणि भाषण सुरू केलं. भाषण कंपनीच्या थोरवीपर्यंत पोचायच्या आत मसाल्याला साय आली. त्याने बोट लावून पाहिलं, बोट कोरडंच. तरी टाइल दाबली आणि हात काढला. टाइल खाली आली. मी झेलायला उभाच होतो.

साहेब घाम पुसत जवाईबापूंना म्हणाला, “वीस मिनिटं प्रयोगशाळेतल्या हवेची असतात. हे पोत्यावर ठळक लिहायला हवं होतं. चूक आमची आहे.”

‘त्रुटी’ ठरली असताना ‘चूक’ मिळाली! मी जवाईबापूंकडे जिंकलेल्या माणसासारखं पाहिलं.

त्यांनी साहेबाला ताकाचा पेला दिला. “तुमची काय चूक जी? तुमी पुन्याचे. तुमाले इथलं ऊन काय मालूम?” मग माझ्याकडे वळले. “भाऊ, तुमी तं याच उन्हात खोकी वायली ना? तुमाले काहून नाही समजलं?”

मी भांडलो. भांडणं मला जमतं.

भिंत मी पुन्हा करून घेतली. भल्या सकाळी, पुढे हिरवी जाळी बांधून, भिंत ओल्या फडक्याने पुसून, एका वेळी एकच टाइल. बोर्डही जागेवर आहे. दिवाळीत गेलो तेव्हा जवाईबापूंनी पाहुण्यांदेखत किल्लीने एकेक टाइल वाजवली. पोकळ आवाज कुठेच आला नाही, म्हणून पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

तेवढ्यात आतून बहिणीचा आवाज आला, “पुरे करा ना बाप्पा! भिंत टिकली, आता किल्ली तुटन.”

पाहुणे हसले. मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो, जवाईबापूंची किल्ली खिशात जाईपर्यंत.