कपाटाचं वरचं टोक

कामावर सगळे त्याला हत्ती म्हणत. घरसामान हलवणाऱ्या ट्रकवर तो ड्रायव्हर होता, पण त्या धंद्यात नुसतं स्टिअरिंग धरून भागत नाही. ट्रक दारात लावला की ड्रायव्हरनंही खाली उतरायचं आणि कपाटं, पलंग, फ्रिज जिन्यावरून उतरवायचे. हत्ती फ्रिजला पट्टा लावून एकटा पाठीवर घ्यायचा आणि वर म्हणायचा, "मागून कोणी हात लावू नका, मला गुदगुल्या होतात." घरातली माणसं हसायची आणि सामानाची त्यांची काळजी निम्मी कमी व्हायची.

साडूला या कामावर त्यानंच चिकटवलं होतं. साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बोलायला गोड, पण कुठल्याच नोकरीत त्याचं बूड टिकत नसे. मेव्हणी रडकुंडीला आली तेव्हा हत्तीनं मालकाकडे शब्द टाकला, "माझ्या गाडीवर द्या त्याला. मी बघून घेतो." आणि त्यानं खरोखरच बघितलं. कपाट कुठं धरायचं, वळणावर आधी कोणी फिरायचं, हाताला घाम आला की काय करायचं, सगळं शिकवलं. जड टोक मात्र नेहमी स्वतःकडे ठेवलं.

त्या दिवशीही तसंच होतं. तिसऱ्या मजल्यावरून एक लोखंडी कपाट उतरत होतं, हत्ती खाली आणि साडू वर. जिन्याच्या वळणावर साडूच्या खिशातला फोन वाजला.

"वाजू दे," हत्ती खालून म्हणाला.

साडूनं एक हात सोडला. कपाट सुटलं. मागे पायऱ्या होत्या, बाजूला व्हायला जागा नव्हती. हत्तीनं कमरेत पिळवटत सगळं वजन अंगावर झेललं आणि कपाट कसंबसं भिंतीला रेटलं. मग तो पायरीवर बसला, आणि त्याला उठता येईना.

मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टरांनी बजावलं की गाडी खुशाल चालवा, पण वजन उचलायचं नाव काढू नका. हत्तीनं ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. मालकाकडे एक छोटी बंद गाडी होती, ऑफिसांच्या फायली इकडून तिकडे नेणारी. तिच्यावरचा म्हातारा काम सोडणारच होता. शिवाय मालक उठता बसता म्हणायचा, कामावर कोणाला लागलं तर मी त्याला वाऱ्यावर सोडत नाही.

चालता यायला लागल्यावर हत्ती काठी टेकत मालकाला भेटायला गेला. मालकानं खुर्ची दिली, चहा मागवला.

"कामावर लागलं असतं तर प्रश्नच नव्हता रे," तो म्हणाला. "पण तुझं दुखणं जुनं आहे म्हणे. आदल्या दिवशी घरी पाण्याची टाकी हलवताना लचक भरली तुला."

"कोण म्हणालं?"

"तुझा साडू."

हत्तीला हसूच आलं. "घाबरला असेल. फोन घ्यायला हात त्यानंच सोडला."

"मलाही खटकलं," मालक कप पुढं सरकवत म्हणाला. "म्हणून तू दवाखान्यात असताना तुझ्या घरी फोन केला. तुझी बायकोही म्हणाली, पाठ आधीपासूनच दुखत होती."

हत्तीनं चहा घेतला नाही. टाकी, फोन, साडू, सगळ्यांविषयी त्याच्याकडे बोलायला होतं. बायकोविषयी काय बोलायचं ते त्याला सुचेना.

घरी आला तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याच्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं.

"धाकटी आली होती," ती म्हणाली. "माझे पाय धरून रडली. खरं बाहेर आलं असतं तर मालकांनी त्याला उभंसुद्धा केलं नसतं."

"आणि मला?"

"अहो, तुम्हाला कोणीही काम देईल. त्याला कोण देणार?"

"म्हणून खोटं सांगितलंस?"

"टाकीचं मी नाही बोलले. पाठ आधी दुखायची का, एवढंच त्यांनी विचारलं. दुखायचीच ना? रोज मलम चोळून कोण देत होतं तुम्हाला?"

हे त्याला लागलं. पाठ दुखते हे कामावर त्यानं कधी कोणाला कळू दिलं नव्हतं. आख्ख्या जगात एकाच माणसाला ते ठाऊक होतं.

त्या दिवसापासून त्यानं घरात पाठीचा विषय बंद केला. तिनं विचारलं तर "बरी आहे" म्हणायचा. मलमाची ट्यूब तो आपल्या पिशवीत ठेवू लागला आणि हात पोचेल तिथवर स्वतःच चोळून घेऊ लागला.

काम त्यानं स्वतःच शोधलं. दूध डेअरीला टँकरवर ड्रायव्हर हवे होते. तिथं उचलायचं काही नव्हतं. संकलन केंद्रावर गाडी लावायची, पाइप जोडायचा, झडप उघडायची आणि टाकी भरेपर्यंत थांबायचं. पहिले काही दिवस त्याला चोरट्यासारखं वाटायचं. आजूबाजूला माणसं कॅन उचलतायत आणि आपण धडधाकट दिसणारा गडी हात मागं बांधून उभे. पण गाडीनं मात्र त्याला नवशिक्या करून सोडलं. टाकी अर्धी भरलेली असली की दूध आत हिंदकळतं. ब्रेक लावला की गाडी थांबते, दूध मागून धडक देतं. पहिल्याच सिग्नलला तो रेषेच्या पुढं जाऊन थांबला. शेजारी बसलेला जुना ड्रायव्हर म्हणाला, "घाई नको. दुधाला आधी निरोप द्यावा लागतो, ब्रेकवर हलका पाय टेकवून."

हळूहळू हात बसला. "आमच्या साडूपेक्षा दूध बरं," तो एकदा म्हणाला, "ढकलायच्या आधी हेलकावा तरी देतं." कोणी हसलं नाही. तिथं साडूला ओळखणारं कोणी नव्हतं.

मग साडूच्या मुलीचा वाढदिवस आला. हत्तीला जायचं नव्हतं, पण पोरीवर त्याचा जीव होता. घर पाहुण्यांनी भरलं होतं. साडू त्यांना हत्तीची ओळख करून देत होता.

"दादांची ताकद म्हणजे विचारू नका. आख्खी पाण्याची टाकी एकटे हलवायला गेले. मी म्हणत होतो, थांबा, मी येतो. ऐकतील तर शपथ."

"कुठली टाकी?" हत्तीनं विचारलं.

"तुमच्या गच्चीवरची, दादा."

"जिन्यात तुझा फोन वाजला होता."

साडूच्या कपाळाला आठी पडली. तो खरोखर आठवायला लागला. "कधी हो?"

हत्ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिथं भीती नव्हती, लाज नव्हती. इतक्या वेळा सांगून झालं होतं की साडूच्या लेखी आता तेच घडलं होतं. खोटं बोलणाऱ्याची गचांडी धरता येते, पण याचं काय करायचं? त्यानं बायकोकडे बघितलं. ती केकचा तुकडा चमच्यानं कुस्करत होती. पाहुणे हत्तीकडे बिचारा म्हणून बघत होते.

त्यानंतर एका दुपारी ती कोणाला न सांगता मालकाकडे गेली आणि जे होतं ते सांगून आली. हत्ती कामावरून आल्यावर तिनं त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि सगळं सांगितलं. मालक म्हणाला होता, झालं ते झालं, हत्तीला म्हणावं फायलींची गाडी अजून रिकामी आहे. साडूला तो काढणार नव्हता, कारण वजन उचलायला माणसं मिळत नव्हती.

"जाल का परत?" तिनं विचारलं.

"नाही. टँकर बरा आहे."

तिनं मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाली, "धाकटीलाही सांगून आले. फोन उचलत नाही आता माझा."

या क्षणाची तो इतके महिने वाट बघत होता. तो आला तेव्हा मोकळं वाटेल अशी त्याची समजूत होती. तसं काही वाटलं नाही. ती समोर बसली होती, डोळे सुजलेले, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"होते सवय," तो म्हणाला.

समजूत काढली की टोमणा मारला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. तिनंही विचारलं नाही.