बंधारा आमच्या कुंपणापाशी संपला

आठवीत शाळा सोडून तळकोकणातून पुण्याला आलो आणि पुढे हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवू लागलो. शनिवार पेठेतून चढणाऱ्या एका साहेबांनी माझ्यासाठी शब्द टाकला, म्हणून ती नोकरी. त्यांच्यापुढे गावचं गाऱ्हाणं काढायला जीव कचरायचा.

गाऱ्हाणं समुद्राचं. सरकारी बंधारा किनाऱ्याने येत येत नेमका आमच्या कुंपणापाशी संपला होता. पुढचं काम म्हणे निधी आल्यावर. उधाणाचं पाणी बंधाऱ्यावर आपटे आणि टोकाला वळून आमच्या परसात घुसे. माड मुळासकट गेले, विहीर खारट झाली. आई वाण्याच्या फोनवरून म्हणायची, "तू मोठ्या सायबांत असतंस, कोणाक तरी इचार."

शेवटी एकदा वाकडला ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा साहेबांना बंधाऱ्याचं विचारलं.

"अहो, समुद्राची हवा तुम्ही खायची आणि भिंत आमच्या टॅक्समधून?" साहेब म्हणाले.

"साहेब, डिसेंबरात तुम्हीपण येता की हवा खायला."

मागची पोरं हसली. साहेब हसले नाहीत. मला वाटलं, गेली नोकरी. दुसऱ्या दिवशी चढताना त्यांनी माझ्या खिशात पैशांचं पाकीट कोंबलं. "सरकारची वाट बघाल तर होडीतून घरी जाल. धोंडे टाकून घ्या."

दुपारी आईला फोन करून सांगितलं.

"आणि शेजारच्या काकीचा काय?"

आमच्यापुढे धोंडे पडले की पाणी तिथून वळून काकीच्या घरात जाणार. आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा याच काकीने तिला पेज भरवली होती.

"साऱ्या वाडीक पुरतीत इतके धोंडे येतीत?"

"नाय गो."

"मगे परत दी. आपल्याकडचा पाणी तिच्याकडे लोटून मी तिका तोंड कसा दाखवू?"

पाकीट परत करताना कारण सांगितलं. साहेबांनी ते खिशात ठेवलं.

"मग बांधायचं कोणी हो?" या वेळी ते खरंच विचारत होते. मी गिअर टाकला.

पुढच्या उधाणात आमची पडवी गेली, मग स्वयंपाकघर. काकीने आईला आपल्याकडे नेलं. आता काकीच्या घराच्या आणि समुद्राच्या मध्ये काहीच उरलेलं नाही. अमावास्येचं उधाण आलं की मी इथून फोन करतो. पाणी कुठवर आलं, एवढंच विचारता येतं.

परवा आई म्हणाली, "काकीच्या पायरीक लागला."