विमानाच्या शेपटीला जावई

आमच्या सासुरवाडीला फ्रिजच्या आधी विमान आलं.

आलं म्हणजे कुठून उडत आलं नाही, तिथेच तयार व्हायला लागलं. माझा मेहुणा विनू, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, याने ते नागपूरच्या नंदनवनातल्या घरामागे टिनाच्या शेडमध्ये बांधायला घेतलं होतं. आणीबाणी नुकतीच उठली होती. नंदनवनात तेव्हा नुसते लेआउट पडले होते. घरं कमी, प्लॉट जास्त. लोक मोकळ्या प्लॉटवर वांगी लावत, म्हशी बांधत. विनूने विमान बांधलं! सांगाडा सागाच्या पट्ट्यांचा, आणि पंखांवर मामाजींच्या दुकानातलं कापड. (मामाजी म्हणजे माझे सासरे. घराणं उमरेडकडचं, विणकरांचं. पण त्यांनी माग सोडून इतवारीत लुगड्यांचं दुकान टाकलं होतं. आपलं कापड आकाशात जाणार आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पोराने मंडपाचं काम घेतलं, असं ते बरेच महिने समजत होते.)

इंजिनाची कथा आणखी वेगळी. जबलपूर रोडवर कोण्या परदेशी पाहुण्याची मोटार बंद पडली होती. ती ढकलत गॅरेजमध्ये आणली. उस्तादाने इंजिन खोललं, आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "इसका तो पिस्टनच निकाल लिया किसीने!" दुसरा उस्ताद बोलावला. त्याने बॅटरीचा उजेड मारून पाहिलं आणि तोही म्हणाला, चोरी झाली. पाहुणा कंटाळून रेल्वेने निघून गेला, आणि इंजिन भंगारात पडलं. विनू त्या गॅरेजमध्ये रोज जाऊन बसायचा. त्याने ते हातगाडीवर घालून घरी आणलं.

"भाऊजी, याच्यात पिस्टन नसतेच," तो मला म्हणाला. डोळे असे चमकत होते की ताप आला असावा असं वाटलं. "रोटरी इंजिन आहे हे. आत एक तिकोनी लोखंड गोल गोल फिरते."

"समोशासारखं?"

"हाव, समोसाच समजा. हलकं आहे, ताकद जबरा आहे. विमानाले याच्यापेक्षा चांगलं इंजिन नाही. फक्त दोन खोडी आहेत. पेट्रोल ढसाढसा पिते, अन् तापते लय. म्हणून पेट्रोलची व्यवस्था पक्की पाह्यजे. टाकी, पाइप, चावी, सगळं. ते तुम्ही करा."

"मी? मी काहून?"

"तुम्ही पाणीपुरवठ्यात ड्राफ्ट्समन आहा न! पाणी काय अन् पेट्रोल काय, वरून सोडलं की खाली येते."

आता खरं सांगतो, या एका वाक्याने मी फुगलो. खात्यात मला कोणी काही विचारत नसे. साहेब रेघा मारायचे, मी त्या सरळ करायचो. इथे एक माणूस माझ्या भरवशावर आकाशात जायला निघाला होता! बायको, सुमन, स्वयंपाकघरातून ओरडली, "विनू, त्याईले कायले सांगतं गा? मागच्या वर्षी देवघरात लाइट लावला तर घंटी वाजवली की झटका बसे!" मी तिकडे दुर्लक्ष केलं. मोठ्या कामाच्या सुरुवातीला घरचे असंच बोलतात.

मी डिझाइन केलं, आणि काय डिझाइन केलं! टाकी इंजिनच्या मागे, चालवणाऱ्याच्या पुढे, उंचावर. पंप नको, बिघाड नको, पेट्रोल आपल्या वजनाने उतरेल. टाकीसाठी सासूबाईंचे दोन पितळी गंज घेतले (गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं), तोंडाला तोंड लावून डाग देऊन जोडले आणि आडवे बसवले. सासूबाई पुढचे कितीतरी दिवस मोलकरणीवर संशय घेत होत्या. हवा आत जायला वर एक वाकडी नळी. पेट्रोल तापून पाइपात त्याची वाफ होऊ नये म्हणून पाइपाला कूलरमधला वाळा गुंडाळला आणि तो ओला ठेवायची सोय केली. (हे नागपूरच्या माणसालाच सुचू शकतं.) पेट्रोल निघायची तोटी मी टाकीच्या अगदी पुढच्या टोकाला ठेवली, इंजिनच्या नाकासमोर, म्हणजे पाइप कसा आखूडात आखूड! ड्रॉइंग काळ्या शाईत काढलं. त्यात विमान असं सरळसोट, ढगांच्या रेषेला समांतर. ढगही काढले होते. विनूने ते शेडमध्ये खिळ्याला लावलं आणि नमस्कार केला.

इंजिन शेडमध्ये चालवून पाहिलं, तर एका झटक्यात सुरू! भुंग्यासारखं गुणगुणत राहिलं. तेव्हा मागचं चाक बसवायचं बाकी होतं, म्हणून विमानाची शेपटी डांबराच्या रिकाम्या पिंपावर टेकवलेली होती. हे पिंप ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

त्या आवाजाने मामाजींना मंडप कळला. ते शेडमध्ये आले, पंखावरचं कापड बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "हे आपल्या चाळीस नंबरचं आहे." मग कापडाची कड उलटून पाहिली. शेवटी म्हणाले, "विनायक, उद्यापासून दुकानात बसायचं."

विनूचा चेहरा उतरला. त्याला दुकान म्हणजे काय होतं, हे मी पाहिलं होतं. एकदा त्याला बसवलं तर त्याने गिऱ्हाईक बाईला लुगड्याऐवजी वाऱ्याचा दाब समजावून सांगितला होता. त्याचा जीव त्या शेडमध्ये होता, आणि तो गादीवर बसून गजाने कापड मोजताना मला दिसेना. मग सासूबाई मध्ये पडल्या, रडल्या, आणि मामाजींनी एक सवलत दिली.

"आखजीले हे मशीन बाहेर काढायचं. माझा एक चहा पिऊन होईपर्यंत चाललं पाह्यजे. चाललं, तर तू मोकळा. बंद पडलं, तर संध्याकाळी कबाडी येईल, अन् तू दुकानात. मंजूर?"

"मंजूर!" विनूच्या आधी मीच ओरडलो.

आखजी म्हणजे अक्षय्य तृतीया, म्हणजे नागपूरचं ऊन. त्या दिवशी मागचं चाक बसवलं आणि विमान शेडबाहेर ढकललं. नाक आभाळाकडे, शेपटी जमिनीला, काय ऐट! चाकांपुढे विटा लावल्या. चाकांच्या दांडीला दोर बांधून तो मागच्या कडुनिंबाला आवळला, कारण उडवायची परवानगी पुढची गोष्ट होती, आधी मामाजींची. लेआउटमधली झाडून सगळी माणसं जमली. मामाजींची खुर्ची कडुनिंबाच्या सावलीत मांडली. सासूबाई पोराच्या बाजूच्या, त्यांनी चहा मुद्दाम कोमट आणला, म्हणजे घटाघट पिऊन होईल. मामाजींनी कपाला बोट लावलं.

"हा चहा आहे का आंघोळीचं पाणी? कढत आण!"

सासूबाई आत गेल्या. विनूने इंजिन सुरू केलं, गुणगुण झाली, नाकावरचा पंखा फिरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुट... पुट... बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. "चहा यायचा आहे," मामाजी म्हणाले. माणूस न्यायाचा. "तोपर्यंतचं मी मोजत नाही."

"भाऊजी, पेट्रोल येऊन नाही राहिलं!" विनू रडायच्या बेतात होता.

"असं कसं? वरून सोडलं की खाली येते!" मी इंजिनजवळचा पाइप सोडून पाहिला. थेंब नाही. टाकीत वाकून पाहिलं, पेट्रोल आहे. चावी उघडी आहे. मी पाइपात फुंकलं (पेट्रोलची चव अजून आठवते). काही नाही. विनूने हताश होऊन विमान शेडकडे वळवायला म्हणून शेपटी उचलली, आणि माझ्या चपलेवर पेट्रोलची धार लागली!

"खाली ठेव!" मी ओरडलो. धार बंद. "उचल!" धार सुरू. "ठेव! उचल! ठेव!"

"भाऊजी, ठरवा काहीतरी!"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विमान जमिनीवर असलं की नाक वर करून बसतं. नाक वर, की टाकीचं पुढचं टोकही वर. पेट्रोल सगळं मागच्या गंजात जाऊन बसलं होतं, आणि माझी तोटी पुढच्या गंजाला! मी विमान उडताना काढलं होतं. ते आधी उभं राहतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पाण्याच्या टाक्या कधी नाक वर करत नाहीत हो! आणि शेडमध्ये शेपटी पिंपावर होती. पिंप आणावं म्हटलं, तर सासूबाईंनी सकाळीच त्यात पाहुण्यांसाठी पाणी भरून ठेवलं होतं. हलेना.

"शेपटी धरावी लागेल," मी म्हणालो.

"कोण धरेल?"

विनू आत बसणार. बाकीची गर्दी पंख्याच्या आवाजाने आधीच दहा पावलं मागे सरकली होती. चूक माझी होती. मी पाइप पुन्हा जोडला आणि विमानाच्या शेपटीखाली खांदा लावला.

चहा आला. कढत. विनूने इंजिन सुरू केलं, आणि पंख्याचा सगळा वारा माझ्या तोंडावर! वैशाखातली नंदनवनची माती, वांग्याची वाळकी पानं, कुणाचं तरी बनियन, सगळं माझ्या अंगावरून मागे गेलं. मागे कडुनिंब होता. कडुनिंबाखाली मामाजी होते. त्यांची टोपी शेजारच्या प्लॉटमधल्या म्हशीजवळ जाऊन पडली, आणि चहात दोन बोटं माती बसली.

"याले मी चहा नाही म्हणत! दुसरा आण!"

खुर्ची विमानाच्या बाजूला सरकवली, सासूबाई पुन्हा आत. आणि आतून हाक आली, "स्टोव्हले पिन मारा लागते वं, सुमन! पिन कुठी ठेवली?"

पिन सापडेपर्यंत मी विमान धरून. विनूला थांब म्हणावं, तर त्याला ऐकू जाईना. बंद पडलं आणि पुन्हा सुरूच झालं नाही तर? खांदा जरा खाली गेला की इंजिन खोकायचं. जरा वर गेला की पंखा जमिनीला घासायची भीती. सुमन पुढे उभी राहून हातवारे करत होती. "वर! वर! अहो, इतकं नाही! खाली! कपाट नाही ते!" रोटरी इंजिनाची गुणगुण माझ्या दाढांमध्ये शिरली होती. घाम आणि माती मिळून मी हळूहळू सारवला जात होतो.

चहा आला. मामाजींनी बशीत ओतला. फुंकला. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली.

"जवाईबापू मागे काय करून राहिले?"

"वजन तपासून राहिले, बाबा!" सुमन ओरडली.

"खांद्यानं?"

"हाव, बाबा! विमानाचं असंच तपासतात!"

मामाजींनी एक घोट घेतला. पुन्हा ओतला, पुन्हा फुंकला. मला आयुष्यात कोणाच्या चहाची एवढी घाई झाली नव्हती. दुसरी बशी. शेजारच्या कोणी तरी त्यांना त्याच वेळी तुरीचा भाव विचारला, आणि ते सांगू लागले! माझा खांदा घसरत होता, इंजिन दोनदा खोकलं, विनूने वळून माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा नेट लावला. त्या पोराला मी गादीवर बसू देणार नव्हतो. शेवटची बशी. मामाजींनी कप उपडा घातला.

सुमनने हात हलवला आणि मी शेपटी सोडली. पुट... पुट... बंद. सगळीकडे शांतता झाली, फक्त म्हैस टोपी चावत होती.

मामाजी उठले, शेपटीपाशी आले. ती एकदा उचलली, टाकीकडे कान दिला. आत पेट्रोल डुचमळलं. खाली ठेवली. सगळं समजलं त्यांना.

"विनायक, मी बोललो ते बोललो. माझा चहा झाला, मशीन चालू होतं. तू मोकळा."

विनू उडी मारून खाली आला, आईच्या गळ्यात पडला आणि हमसून रडला. माझेही डोळे भरून आले (मातीमुळेही असेल).

मग मामाजी माझ्याकडे वळले. "जवाईबापू, हे उडेल तेव्हा तुम्ही कुठी राहाल?"

"मामाजी," मी दातांतली माती थुंकली, "हवेत शेपटी आपोआप वर होते. एकदा का हवेत गेलं, की डिझाइन एकदम बरोबर आहे."

"अन् हवेत जाईपर्यंत?"

मामाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, शाबासकी देतात. त्यांनी खांदा दाबला, चाचपला, शेडमध्ये पंखावरचं कापड चाचपलं होतं तसा.

"पोरगा तर गेला हातचा. दुकानात माणूस पाह्यजेच. सुट्टीच्या दिवशी मोकळे राहता न तुम्ही? लुगड्याची गाठोडी लय जड असतात."

सासऱ्याला नाही कसं म्हणणार? पुढच्या सुट्टीला विनू शेडमध्ये नवी टाकी बसवत होता, आणि मी इतवारीत गाठोडी माळ्यावर चढवत होतो. मामाजी गादीवरून गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत होते, "आमचे जवाई. विमानाचे इंजिनिअर आहेत."