पोळ्याआधी देऊन टाकलेली घुंगरमाळ

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं विसरलो, पण म्हसावदकडची ती घुंगरमाळेची घटना अजून डोक्यातून जात नाही. पोळा तोंडावर आला होता. एक शेतकरी ठाण्यात आला. "साहेब, मोठा भाऊना बैलसनी घुंगरमाळ चोरीले गयी. शेजारीना घरमा शे, अशी खबर शे."

माळ खरंच शेजाऱ्याकडे मिळाली. तो पार गांगरला. "चोरी कसानी साहेब? त्याना मोठा भाऊनीच आनीसन दिधी!"

मग मी मोठ्या भावालाच बोलावलं. पोळ्याच्या तोंडावर बैलाचा साज देऊन टाकणारा शेतकरी मी पाहिला नव्हता. कोणी धाक दाखवला का, भांडण झालं का, सगळं उलटसुलट विचारलं. तो शांत, वर हसतमुख. "मीच दिधी. माले आते ती कसाले?" काही केल्या टोटल लागेना.

धाकटा म्हणाला, भावाला डिप्रेशनची औषधं चालू होती, "पन आते बरा शे, हासस बी." ते ऐकून मी सरकारी दवाखान्यातल्या समाजसेविका बाईंना फोन लावला. त्या आल्या, त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "भाऊ, जीव देवाना इचार मनमा येस का?"

मी चपापलोच. नसता विचार डोक्यात घालतात की काय! पण त्याचं हसू एकदम गेलं. "रोज येस. मी हासस, म्हनीसन कोनी इचारत नही."

धाकटा रडायला लागला. बाई मात्र विचारत राहिल्या. काही ठरवलंय का, घरी सोबत कोण असतं, कोणाशी बोलावंसं वाटतं. मग मला म्हणाल्या, "साहेब, विचारल्याने कोणी जीव देत नाही. आज याला एकटं सोडायचं नाही." आमच्याच गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं.

तक्रार खरी, चोरी नाही, आरोपी कोणीच नाही. अर्ज निकाली काढताना काय लिहावं तेच कळेना. घाबरलेल्या माणसावर नजर ठेवायला नोकरीने शिकवलं होतं. शांत माणसाला थांबवून विचारायला या प्रकरणाने शिकवलं. खरं हसू कोणतं, हे मला अजूनही ओळखता येत नाही. म्हणून विचारतो.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी तोच शेजारी पुन्हा आला, पोलिसी लफडं नको म्हणून. "साहेब, तो मोठा भाऊ आते माळ परत मांगस. काय करू?"

इतका आनंद मला कुठलाही मुद्देमाल सापडल्यावर झाला नव्हता.

"अरे, विचारतोस काय? पळत जा आणि दे!"